रवाळीची चार ठिकाणं

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. ज्या कॉलेजात मी सगळा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवलं तिथल्या एकालाही नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हे कधी मनातल्या मनात म्हटलेलं नाही — त्याला सगळं कळतं म्हणतात, मग मी कशाला तोंड उघडू? मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात डोईफोडियाच्या शिवारात जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसणं जमेना म्हणून असेल.

गोष्ट एका वनस्पतीची आहे. कांद्याची पात चिखलात उगवावी तशी दिसते, वीतभर उंच, फूल नाही, फळ नाही. हसू नका. तिच्यापायी मी एका बाईचे डोळे खोटे ठरवले आहेत.

आधी माझ्या रागाविषयी सांगायला हवं, कारण अख्ख्या बुऱ्हाणपुरात मी त्यासाठीच ओळखली जाते. राग माझ्या नाकावर असतो. लालबागेत आमच्या गल्लीत कुणी झाडाला खिळा ठोकला तर मी खाली उतरून त्याच्या सात पिढ्या काढते. चार वर्षांपूर्वी डोईफोडियाजवळचं एक डबकं खोल करायला पोकलेन लावलं, तेव्हा मी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. काय पत्र होतं ते! पंचायतीला सोडलं नाही, साहेबांना सोडलं नाही, केळीवाल्यांना तर नाहीच नाही. ‘एका दुर्मीळ जीवाचा खून’ असे शब्द मी त्यात लिहिले होते. लोधीपुऱ्यातल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, एका वक्त्यानं मला तापीकाठची वाघीण म्हटलं. मी ती शाल पांघरून घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, या देशात कुणाला कशाची चाड नाही.

त्या पत्रातला राग खरा होता का? होता. इथंच तर गोम आहे. मी खरोखर संतापले होते. फक्त खून कुणी केला हे मला ठाऊक होतं, आणि त्याचं नाव पत्रात नव्हतं.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

डोईफोडियाच्या एका शेताच्या बांधाला लागून ते डबकं होतं. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दिवाळीनंतर चिखल, होळीला कोरडं ठाक. शेत द्वारकाताईंचं — म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं आणि दिराचं, सामाईक. द्वारकाताई माझ्याच वयाच्या. शाळा चौथीपर्यंत, पण पाण्यात काय उगवतं ते त्यांना तोंडपाठ होतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेले होते, तेव्हा त्यांनीच ती पात उपटून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ‘मॅडम, ही रवाळी.’ मी विचारलं, रवाळी का? त्यांनी नखानं बूड चिरलं, तळहातावर झटकलं, आणि पांढरा रवा सांडला. शिऱ्याला घेतो तसला, जरा जाड. तेच तिचं बी समजा. मी हात पुढे करून ते बोटानं चोळलं. खरखर लागली.

अशी वनस्पती मध्य भारतात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच ठिकाणी सापडते. ती ओळखायची खूण एकच, बुडातला तो रवा. पात बघून ओळखता येत नाही, कारण चिखलात तशा दिसणाऱ्या पाती पन्नास. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. लक्षात ठेवा हं, दरवर्षी.

ती वनस्पती ‘संकटग्रस्त’ यादीत होती. मी द्वारकाताईंना सांगितलं, ताई, या डबक्याला हात लावू देऊ नका. आणि त्यांनी लावू दिला नाही. दिराला तिथं शेततळं हवं होतं, केळीला पाणी हवं होतं, आणि केळीला पाणी किती लागतं हे तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको. घरात वाद झाले. दिरानं बोलणं टाकलं. एका दिवाळीला जावेनं फराळाचं ताटसुद्धा पाठवलं नाही. द्वारकाताईंचं उत्तर एकच — मॅडमनं सांगितलं आहे. दिरानं अर्ज केला तेव्हा मीही वर पत्र दिलं, यादीची प्रत जोडली, आणि फाईल अडकली. अशी काही वर्षं ते डबकं एका बाईच्या हट्टावर आणि एका यादीवर उभं होतं.

मग माझी हाव. एका डबक्यावर काय लिहिणार? अर्ध्या पानाची टीप. तेच पाच ठिकाणी सापडली म्हटलं की संशोधन होतं, बढतीच्या फायलीला वजन येतं, परिषदेत बोलावणं येतं. ही पद्धतच सडलेली आहे, मास्तराला शिकवण्याबद्दल कुणी विचारत नाही, छापलं किती ते विचारतात, आणि वर बसलेल्या त्या — बघा. पुन्हा मी दुसऱ्यांनाच शिव्या घालायला लागले. पद्धतीनं माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात स्कूटरवर फिरून मी आणखी चार ठिकाणं ‘शोधली’. काठावर उभी राहिले, पाती पाहिल्या, उपटल्या, पिशवीत घातल्या. बूड चिरलं नाही. एका ठिकाणी भुरभुर पाऊस होता, एका ठिकाणी कुत्री मागे लागली, एका ठिकाणी मला वाटलं, रोप कोवळं आहे, रवा नंतर धरेल. चौथ्या ठिकाणी का चिरलं नाही याला कारणसुद्धा आठवत नाही. चिरलं नाही, कारण चिरलं असतं तर कळलं असतं. नमुने दाबून वाळवले, चिठ्ठ्या चिकटवल्या, लेख छापून आला. माझ्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ लागलं.

इथवर चूक म्हणता येईल. आळशी, लोभी, पण चूक. माणसाकडून होते.

चार-पाच वर्षांनी यादी पुन्हा तपासायची वेळ आली. या याद्या मधूनमधून तपासतात — कुठली वनस्पती अजून धोक्यात आहे, कुठली सावरली. समितीनं आमच्या भागाचं काम माझ्याकडे दिलं. कॉम्प्युटरवर एक तक्ता आला. ठिकाणं किती? अजून आहे का? घटते आहे की स्थिर? पुरावा म्हणून नमुना तपासला का? शेवटच्या रकान्यात नुसती खूण करायची होती. मी म्हटलं, खूण करायची तर एकदा तपासूनच करावी. बघा, मी काही अगदीच बेजबाबदार नव्हते.

एका रविवारी सकाळी मी कॉलेजात गेले. कपाट उघडलं, पाच नमुने टेबलावर मांडले. मी नेपानगरच्या कॉलनीत वाढलेली, वडील कागद कारखान्यात होते, मशीनवरून उतरलेले कोरे कागद घरी असायचे, आणि माझे नमुने मी तसल्याच मळकट कोऱ्या कागदांत ठेवायचे. वडिलांना कागद बोटानं ओळखता यायचा. डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे की हा ओला निघाला, हा बरा आहे. मीही तेच केलं. डोईफोडियाच्या नमुन्याचा कागद उघडला, अंगठा फिरवला. खरखर. वाळताना बुडातून गळलेला रवा घडीत साठला होता, चिमूटभर तरी असेल.

दुसरा कागद उघडला. गुळगुळीत. तिसरा. गुळगुळीत. चौथा, पाचवा. मग मी ब्लेड घेतलं आणि चारही नमुन्यांची बुडं चिरली — जे काम मी चार-पाच वर्षांपूर्वी चिखलात उभं राहून करायला हवं होतं. आत काही नव्हतं. साधी लव्हाळ्याच्या जातीची रोपं होती. पहिल्या वर्षाच्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

शिपाई येऊन विचारून गेला, मॅडम, चाय लाऊं क्या? मी त्याच्यावरच खेकसले.

तुम्ही म्हणाल, एक ओळ लिहायची होती. ‘चार ठिकाणं चुकीची, आधीचा लेख मागे घेते.’ हो. एवढंच होतं. दोन दिवसांनी समितीची बैठक झाली, कॉम्प्युटरवरच, शहराशहरांतले लोक चौकोनांत बसलेले. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, तुमची पाचही ठिकाणं पक्की ना? कारण इतरांची थोडी आणि तुमची ही पाच धरली तर हिला कमी धोक्याच्या, खालच्या वर्गात आणता येईल, आनंदाचीच गोष्ट आहे. मी म्हटलं, पक्की. त्यांनी विचारलं, नमुने पाहिलेत? मी म्हटलं, परवाच पाहिले.

हे खरंही होतं. परवाच पाहिले होते.

त्या चौकोनांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वनस्पती संकटातून बाहेर आली होती. वाचली कुठे, तर माझ्या तक्त्यात.

हे झालं मूळ पाप, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, आणि तेवढं कबूल केलं की सुटले असं वाटायचं. पण खरं सांगायचं ते पुढे आहे.

यादी बदलल्याचं दिराच्या मुलाला मोबाईलवर कळलं. नितीन त्याचं नाव, पोरगा वाईट नाही, शिकलेला आहे. त्यानं यादीची प्रत काढली, अर्जाला जोडली आणि काकूला सांगितलं, ‘काकू, तुमचं गवत लिस्टमध्ये खाली आलं ना. पाच जगह है. अब काहे का टेन्शन?’ द्वारकाताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी माझ्या लेखातली ती चार गावं त्याच्याकडून वाचून घेतली, एका चिठ्ठीवर लिहून घेतली, आणि दिवाळीच्या आधी, कापूस वेचायचं काम टाकून, एसटीसारख्या त्या खासगी गाड्यांतून आणि उरलेलं पायी, चारही ठिकाणी जाऊन आल्या. का गेल्या? मला पकडायला नाही. त्यांना रवाळी दुसरीकडे आहे म्हटल्यावर बघायची होती. माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं असतं, असं त्याच म्हणाल्या.

मग त्या माझ्या घरी आल्या. केळीची फणी आणली होती, आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या चार जुड्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी त्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीतली एकेक पात घेऊन नखानं बूड चिरलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, याच्यात रवा नाही. मले तं हे दुसरंच काही वाटते. यादीवाल्यायची काही चूक झाली काय? तुमी वर कळवा ना.’

यादीवाल्यायची. माझ्याबद्दल त्यांच्या मनात शंकासुद्धा नव्हती.

त्या वेळी तोंड उघडलं असतं तर डबकं वाचलं असतं. पोकलेन यायला अजून सहा महिने होते. हे मला त्या क्षणी, टेबलाशी उभी असताना, लख्ख कळत होतं. आणि मी काय केलं? मी भडकले. ज्या रागाची तुम्हाला सुरुवातीला ओळख करून दिली तो राग काढला. म्हटलं, ‘ताई, आम्ही काय झक मारायला शिकलो का? हा रवा साध्या डोळ्यांनी दिसत नसतो. तुमच्या डबक्यातली जात जाड रव्याची, ही बारीक. मायक्रोस्कोपमधून बघावं लागतं. चौथी शिकलेल्या माणसानं समितीच्या चुका काढायच्या म्हणजे कमालच झाली.’

चौथी. हा शब्द मी वापरला. ज्या बाईनं मला ती वनस्पती हातात दिली, तिला.

त्या ओशाळल्या. पदरानं टेबलावरची माती पुसायला लागल्या. म्हणाल्या, ‘माफ करा मॅडम, माह्या डोळ्याले आता कमीच दिसते.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘तरी बी, आपल्या डबक्यातली घमेलंभर काढून ठेवू काय? आंगणात जगवते मी. उद्या खोदलं बिदलं तं…’

आता हे ऐका. यासाठीच एवढं सगळं लिहिलं. एक घमेलं. चिखलासकट उचललेलं एक घमेलं त्यांच्या अंगणात राहिलं असतं, त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं असतं, आणि इथली रवाळी आज असती. मी म्हटलं, ‘काही गरज नाही. चार ठिकाणी आहे म्हणते ना मी. लावायचीच तर याच जुड्या लावा, ही रवाळीच आहे.’

का म्हटलं? कारण त्या घमेल्याशेजारी या जुड्या ठेवल्या असत्या, तर खरी आणि खोटी शेजारी-शेजारी उगवली असती. रोज. कुणालाही दिसली असती. एवढंच कारण आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

चैत्रात पोकलेन आलं. दोन दिवसांत काठ सरळ कापले. वरचा काळा गाळ, ज्यात रवाळीचा सगळा रवा होता, ट्रॉल्या भरभरून केळीच्या बागेत पसरला. तिथं ठिबकचं पाणी असतं, साचलेलं नाही, तिथं ती उगवणार नव्हती. मी तिथं जाऊन नितीनला आणि त्याच्या बापाला वाटेल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. द्वारकाताई माझ्या मागे उभ्या होत्या, आणि मला आठवतं, त्यांनी हलकेच माझ्या पाठीवर हात ठेवला होता — मला आवरायला, समजूत घालायला. मग मी घरी येऊन ते पत्र लिहिलं. मग शाल.

समितीला मी आजवर कळवलेलं नाही. पुढच्या तपासणीत मी नसेन, कुणीतरी नवं असेल, आणि ते माझा लेख पुरावा म्हणून वाचेल. डोईफोडियाचा नमुना कपाटात आहे. त्या घडीतला रवा मी एकदा पाण्यात टाकून पाहिला. तीन महिने वाट पाहिली. काही उगवलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या नव्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन डोईफोडियाला निघाल्या, आणि मलाही त्यांनी आदरानं बोलावलं. मी चार वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. नाही म्हणायला निमित्त सापडलं नाही. शेततळं खोल, चौकोनी, कडेला प्लास्टिकचा कागद. एका कोपऱ्यात द्वारकाताईंनी विटांचा हातभर वाफा केला होता, मडक्यानं पाणी घालून सदा ओला ठेवलेला. त्यात त्या चार जुड्या. चांगल्या फोफावल्या होत्या. भोवती तुराट्यांचं कुंपण, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. आता जावही पाणी घालते म्हणाल्या, तिनं बोलणं सुरू केलं आहे.

द्वारकाताईंनी विद्यार्थ्यांना सांगितलं, ही रवाळी, दुर्मीळ आहे, मॅडमनं वाचवली. एका पातीचं बूड नखानं चिरलं आणि तळहात पुढे केला. पोरी वाकून बघायला लागल्या. एकीनं पुस्तकात वाचलेलं असावं, ती म्हणाली, आजी, पण रवा कुठे आहे? दिसत नाही.

‘असते बाई,’ द्वारकाताई म्हणाल्या. ‘साध्या डोळ्याले दिसत नाही. मले बी आधी असंच वाटलं होतं. विचार मॅडमले, त्याईनं पाहिला आहे.’

ती मुलगी माझ्याकडे वळली. तिच्या मागून बाकीच्याही वळल्या. द्वारकाताईंचा तळहात तसाच उघडा होता, रिकामा.

मी म्हटलं, ‘हो. पाहिला आहे.’